दिवा विझवला म्हणजे दुरुस्ती झाली का?

आम्ही दोघे भाऊ आणि गाडी दोघांत एक. २०१७ सालची डिझेल गाडी. आम्ही ती जुनी म्हणून घेतली. पहाटे भाजीच्या दोन-तीन पाट्या वसई स्टेशनला पोहोचवायच्या, आईला महिन्यातून दोनदा डॉक्टरकडे न्यायचे, रविवारी सगळ्यांनी दाटीवाटीने बसून मिस्साला जायचे आणि मे महिन्यात कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला. एवढा तिचा संसार. तिच्याविषयी चर्चपत्रिकेत लिहावे असे तिच्यात काही नाही. तरी लिहीत आहोत, कारण या गाडीच्या निमित्ताने आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती चूक आहे हे आम्हाला चौदा महिने कळले नाही. खरे सांगायचे तर कळून घ्यायचे नव्हते.

झाले असे. एका पावसाळ्यात गाडीच्या काट्यांजवळ इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडीचा पिकअप गेला, पुलाच्या चढावर दम लागू लागला आणि सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला. मेस्त्रींनी स्कॅनर लावून पाहिले. म्हणाले, “ई.जी.आर. व्हॉल्व्ह अडकतोय. नवीन टाकायचा तर अठरा-वीस हजार. नाहीतर पंधराशेत कायमचा बंदोबस्त करतो.”

कायमचा बंदोबस्त म्हणजे एक लोखंडी पत्री. व्हॉल्व्हच्या वाटेत ती बसवायची, मधोमध एक लहान भोक ठेवायचे. भोक कशाला? तर गाडीच्या कॉम्प्युटरला संशय येऊ नये म्हणून. अर्ध्या तासात काम झाले. दिवा विझला, पिकअप परत आला, काळा धूरही कमी झाला. आम्ही मेस्त्रींना पंधराशे रुपये दिले आणि वर चहा पाजला. पुढे पी.यू.सी. काढायची वेळ आली तेव्हा गाडी पहिल्या फटक्यात पास झाली. आता सांगा, यात वाईट काय?

हाच प्रश्न आम्ही थोरल्याच्या मुलाला विचारला. तो डिप्लोमा करतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला असताना सहज बॉनेट उघडून पाहत होता. त्याची नजर पत्रीवर गेली. “पप्पा, हे कुणी बसवलं?” आम्ही अभिमानाने सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, “काका, गाडी बरी नाही झाली. तिनं तक्रार करायची बंद केली, एवढंच.”

मग त्याने आम्हाला जे समजावले ते आमच्या भाषेत सांगतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो स्वभावाने शांत, सहसा कुणाशी संयोग पावत नाही. पण डिझेल इंजिनाच्या आत जाळ फार तापला की हाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला झोंबतो आणि दमेकऱ्याचा दमा वाढवतो. उन्हात इतर वायूंबरोबर मिळून तो जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार करतो. तोही फुप्फुसांना वाईट. हे होऊ नये म्हणून इंजिनातून बाहेर पडलेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत सोडतात. चुलीतला जाळ फार झाला की आपण एक लाकूड मागे ओढतो ना, तसेच काहीसे. आत ऑक्सिजन थोडा कमी पडतो, जाळ थंडावतो, ऑक्साइडे कमी होतात. वायू किती सोडायचा ते ठरवणारी झडप म्हणजे हा ई.जी.आर. व्हॉल्व्ह.

पण जाळ थंडावला की काजळी थोडी वाढते. ही काजळी आणि इंजिनातली तेलकट वाफ एकत्र येऊन त्याच झडपेवर थर धरतात. थर वाढला की झडप अडकते. कधी उघडी राहते, तेव्हा पिकअप जातो आणि काळा धूर येतो. कधी बंद राहते, तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही. आमची पत्री म्हणजे झडप जवळजवळ बंद केल्यासारखेच. त्यामुळे डोळ्यांना दिसणारा काळा धूर कमी झाला आणि न दिसणारा वायू वाढला. आम्ही मात्र दिसत होते तेवढ्यावरच खूश होतो.

“मग पी.यू.सी. कशी पास झाली?” आम्ही विचारले. उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. डिझेल गाडीच्या पी.यू.सी. तपासणीत धुराची घनता मोजतात, म्हणजे त्या धुरातून प्रकाश किती आरपार जातो ते पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या तपासणीत मोजतच नाहीत. म्हणजे आमच्या हातातला कागद खोटा नव्हता. त्याला जे विचारले होते त्याचे उत्तर त्याने खरे दिले होते. आमचा दोष मात्र कुणी विचारलाच नव्हता.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे घर आहे. त्यांची नात आठ वर्षांची. तिला दमा आहे, दप्तरात पंप असतो. पहाटे पाच वाजता आम्ही गाडी चालू करतो आणि पाट्या भरेपर्यंत दहा मिनिटे तशीच ठेवतो. सायलेन्सरचे तोंड त्यांच्या खिडकीकडे. आमच्या गाडीमुळे त्या मुलीचा दमा वाढला असे आम्ही म्हणत नाही. ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. हायवे आहे, कारखाने आहेत, कचरा पेटवणारे आहेत, पावसाळ्यातली ओल आहे. पण विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की सिद्ध करता येणार नाही, याच गोष्टीवर आम्ही इतके दिवस निवांत झोपलो होतो. आपण शेजाऱ्याच्या विहिरीत काही टाकले तर गावात बोभाटा होतो. हवेत टाकले तर त्यावर कुणाचे नाव लिहिलेले नसते.

आपला शेजारी कोण, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. वेदीवरून आपण तो लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपला शेजारी सायलेन्सरच्या मागे उभा असतो, असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

त्या रात्री घरात वाद झाला. धाकटा म्हणाला, “हायवेवर ट्रकांची रांग बघ. लग्नाच्या हॉलबाहेर जनरेटर रात्रभर धडधडतो. त्यात आपली एक गाडी ती काय?” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आमच्या एका गाडीने वसईची हवा बिघडत नाही आणि ती सुधारल्याने वसईची हवा सुधारणार नाही, हे खरेच आहे. पण हाच हिशेब इतर ठिकाणी लावून पाहा. आपण एकट्याने मत दिले नाही तर निवडणूक अडत नाही. दानपेटीत आपले दहा रुपये पडले नाहीत तर चर्चचे काम थांबत नाही. तरी आपण मुलांना असे शिकवत नाही. दुसऱ्याचा धूर मोठा असला म्हणून आपला लहान दिसतो. तो नाहीसा होत नाही. शिवाय ट्रक आणि जनरेटर आमच्या ताब्यात नाहीत. पत्री आमच्या ताब्यात होती, ती आम्ही पैसे देऊन बसवली होती.

थोरल्याने दुसरी बाजू मांडली: “आपल्याला कुठे माहीत होतं? अजाणता झालं त्याचा दोष कसला?” यातही तथ्य आहे. जाणूनबुजून केलेले आणि अजाणता झालेले यांत फरक आहेच. पण आम्ही अगदीच अजाण होतो का? भोक कशासाठी ठेवले हे मेस्त्रींनी सांगितले होते. कॉम्प्युटरला फसवण्यासाठी. फसवणूक हा शब्द आम्ही ऐकला आणि चहा मागवला. कशाला फसवायचे, कुणापासून लपवायचे, हे तेव्हाच विचारता आले असते. विचारले असते तर अठरा हजारांचा खर्च पुढे उभा राहिला असता, म्हणून विचारले नाही. असे अज्ञान आकाशातून पडत नाही, आपणच ते जपतो.

आणि आम्ही काही जगावेगळे केले नव्हते. २०१५ सालची गोष्ट अनेकांना आठवत असेल. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काही डिझेल गाड्यांवर मोजणीची यंत्रे बसवून त्या रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत या गाड्या नियमात बसत होत्या, रस्त्यावर मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे कितीतरी पट जास्त सोडत होत्या. पुढे सरकारी चौकशीत उघड झाले की फोक्सवॅगन कंपनीने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असा प्रोग्राम घातला होता की चाचणी चालू आहे हे गाडी ओळखे आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागे. अमेरिकेत हे प्रमाण काही वेळा मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत गेले होते. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. आपल्याकडेही पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेने चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

ती बातमी आम्ही पेपरात वाचली होती आणि केवढे हे लबाड म्हणून नावे ठेवली होती. त्याच वर्षी जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. पृथ्वी हे आपले सर्वांचे सामायिक घर आहे आणि ते सांभाळले पाहिजे, हा त्याचा विषय. त्यावरचे प्रवचनही आम्ही ऐकले आणि माना डोलावल्या. पण दोन्हींचा संबंध आमच्या बॉनेटशी येईल असे वाटले नाही. कोटभर गाड्यांची फसवणूक आणि आमची एक पत्री एकाच मापाने तोलता येणार नाहीत. पण जात एकच. तपासणाऱ्यापुढे एक वागायचे आणि तो गेला की दुसरे.

शेवटी एका शनिवारी दुपारी आम्ही तिघांनी काम अंगावर घेतले. गाडी सावलीत, मोकळ्या हवेत उभी केली. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हातमोजे घातले, नाकातोंडावर मास्क बांधला. हवेचा पाइप, मग विजेचे कनेक्शन, मग बोल्ट, असे एकेक काढत गेलो. कुठला बोल्ट कुठला हे विसरू नये म्हणून जुन्या पुठ्ठ्यावर खुणा करून त्यातच ते खोचून ठेवले. पत्री निघाली. मग व्हॉल्व्ह हातात आला आणि आम्ही पाहतच राहिलो. आत बोटभर जाडीची काळी, चिकट काजळी होती. जिथून अंगठा सहज जायला हवा तिथे करंगळी जाईना. हे सगळे आमच्याच गाडीने ओकलेले होते. आणि अडकले तेवढेच आम्हाला दिसत होते, बाहेर गेले त्याचा तर पत्ताच नव्हता.

कार्बन साफ करायचा स्प्रे मारून, थोडा वेळ मुरू देऊन जुन्या टूथब्रशने घासले. स्प्रे पेट घेणारा असतो, म्हणून विडी-काडी लांब ठेवली. व्हॉल्व्हच्या मोटरीचा भाग ओला होऊ दिला नाही. झडप स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा मोह आवरला. तीन वेळा घासल्यावर लोखंडाचा रंग दिसला आणि झडप बोटाने दाबताच खाली जाऊन आपोआप वर आली. नवीन पॅकिंग टाकून सगळे परत बसवले. स्प्रे, ब्रश, पॅकिंग धरून सहाशेच्या आत खर्च. ज्यासाठी अठरा हजार लागतील म्हणून आम्ही घाबरलो होतो ते एका दुपारचे काम निघाले. सगळ्यांच्या बाबतीत असेच होईल असे नाही. कधी मोटरच जळालेली असते, तेव्हा नवीन व्हॉल्व्हला पर्याय नसतो. पण उघडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही आणि आम्ही उघडूनच पाहिले नव्हते.

काम संपल्यावर एका पत्र्याच्या डब्यात काळे पाणी उरले. धाकटा सवयीने ते बावखलाच्या बाजूला ओतायला निघाला. चार पावले गेला, थांबला आणि हसत परत आला. तो डबा आम्ही मेस्त्रींच्या गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या पिंपात नेऊन रिकामा केला. हवा वाचवायला निघून पाणी नासवले असते तर काय मिळवले?

मेस्त्रींना आम्ही सगळे सांगितले. त्यांना दोष द्यायला गेलो नव्हतो, तरी ते म्हणाले, “भाऊ, साफ करून देतो म्हटलं तर दोन तास थांबायला कोण तयार असतं? गिऱ्हाईक म्हणतं, दिवा घालवा. मी दिवा घालवतो.” यात त्यांचे काय चुकले? आम्ही त्यांना दुरुस्ती मागितलीच नव्हती. डॉक्टरकडे जाऊन आजार राहू द्या, ताप तेवढा उतरवा, असे सांगण्यातला तो प्रकार.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. टेम्पो चालवून रोजच्या रोज पोट भरणाऱ्या माणसाला आम्ही हे ऐकवणार नाही. दोन दिवस गाडी उभी राहिली तर त्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत. कंपनीने फसवले तर ते लोभापोटी, तो पत्री टाकतो ते गरजेपोटी. आमचे दोन्हींच्या मधले होते. आम्हाला जमण्यासारखे होते, फक्त झंझट नको होती. ज्याला जमते त्याच्यावर जबाबदारी जास्त. आणि ज्याला जमत नाही त्याला नावे ठेवण्याऐवजी एखाद्या शनिवारी त्याच्या गाडीला हात लावायला जाणे हे अधिक बरे.

ज्यांच्याकडे एप्रिल २०२० नंतरची, भारत स्टेज सहाची डिझेल गाडी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. त्या गाड्यांना काजळी धरून ठेवणारी गाळणी असते, तिला डी.पी.एफ. म्हणतात. ती भरली की आतल्या आत सुमारे ६०० अंश तापून काजळी जाळते. त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगाने मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. रोज घर ते स्टेशन दोन किलोमीटर एवढेच चालवले तर गाळणी तुंबते आणि तिचा दिवा लागतो. सुरुवातीला वीस मिनिटे हायवेवर नेली तरी अनेकदा काम भागते. तरी दिवा राहिला तर जाणकाराकडे न्यावी. ही आग घरच्या खटपटीची नाही आणि सुक्या गवतावर गाडी उभी करून तर मुळीच नाही. गाळणी कापून पोकळ करून देणारेही भेटतील. त्यांना नाही म्हणावे. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. आणि मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत असे मनमानी बदल करू देत नाही. पण कायदा पकडेल म्हणून नाही म्हणा, असे आमचे सांगणे नाही. आम्हाला कायद्याने कुठे पकडले होते?

दुरुस्तीनंतर नवव्या दिवशी पिवळा दिवा पुन्हा लागला. खोटे कशाला बोला, पहिली आठवण पत्रीची झाली. ती डिकीतच होती. धाकट्याने ऑनलाइन मागवलेला छोटा स्कॅनर लावला. त्यात दोषाची नोंद एका बटणाने पुसता येते. बटण दाबले की दिवा गेला. पण दोष शोधण्याआधी ती नोंद पुसणे म्हणजे पुन्हा पत्रीच, फक्त या वेळी लोखंडाशिवाय. म्हणून बॉनेट उघडले. विजेचे कनेक्शन नीट बसले नव्हते, नुसते टेकले होते. ते खट्कन आवाज येईपर्यंत दाबले आणि मगच नोंद पुसली. त्यानंतर दिवा लागलेला नाही. पत्री आम्ही भंगारवाल्याला दिली. पहाटे आता पाट्या आधी भरतो आणि मग गाडी चालू करतो.

गेल्या महिन्यात पी.यू.सी. पुन्हा काढली. गाडी पास झाली, पण धुराचा आकडा गेल्या खेपेपेक्षा किंचित जास्त आला. झडप आपले काम करू लागली की असे होऊ शकते, हे वर सांगितलेच आहे. म्हणजे कागदावर आमची गाडी आधी अधिक चांगली होती! तो कागद हातात घेऊन आम्ही दोघे भाऊ हसलो. चौदा महिने आम्हाला कागदाने चांगले ठरवले आणि आम्ही ते मान्य केले होते. आता कागदाने जरा कमी मार्क दिले तरी झोप लागते.

आपल्या घरात, धंद्यात, नात्यांत असे पिवळे दिवे लागतच असतात. मुलाचे एकाएकी गप्प होणे असेल, हिशेबाच्या वहीतला न जुळणारा आकडा असेल, भावाने सोडलेले येणेजाणे असेल. दर वेळी कुणीतरी पंधराशे रुपयांत बंदोबस्त करून द्यायला तयार असते. या आठवड्यात असा एखादा दिवा लागला तर तो घालवण्याआधी निदान एकदा बॉनेट उघडून पाहू या. आत काजळी निघेल. हात काळे होतील. पण साबणाने ते निघतात.